जोडाक्षरांचे वाचन व शुद्धलेखन : प्राथमिक वर्गांसाठी एक अध्यापनक्रम

तिसरी-चौथीच्या मुलाच्या हाती परीक्षेचा कागद पडतो, तेव्हा त्यावरील पहिली सूचना बहुधा ‘खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ अशी असते. या चार शब्दांपैकी दोन शब्दांत जोडाक्षरे आहेत. ‘प्रश्नांची’ या एका शब्दात तर दोन आहेत. ज्या मुलाला ही जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्याच्यापाशी उत्तर असूनही त्याला प्रश्न कळत नाही. मग ते मूल गणितात कच्चे, विज्ञानात मंद अशी त्याची नोंद होते. वस्तुतः त्याची अडचण गणिताची नसून वाचनाची असते.

पहिलीच्या पुस्तकातील घर, कमळ, बदक हे शब्द मागे पडले की पुढील सर्व विषय जोडाक्षरांच्या दारातूनच आत येतात. त्रिकोण, अपूर्णांक, क्षेत्रफळ. पृथ्वी, समुद्र, पर्जन्य. वनस्पती, प्राणी, स्वच्छता. राष्ट्र, राज्य, स्वातंत्र्य – विषय कोणताही घेतला तरी त्याचे मुख्य शब्द जोडाक्षरांचेच असतात. शाळा सुटल्यावरही यातून सुटका नाही. अर्ज, प्रमाणपत्र, दुरुस्ती, ग्रामपंचायत, कर्ज, व्याज हे शब्द ज्याला नीट वाचता येत नाहीत, तो प्रौढपणीही दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो आणि दुसऱ्याने सांगितले तेथे अंगठा किंवा सही करतो. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे ध्येय ठेवले. मराठी शाळेपुरते बोलायचे, तर जोडाक्षरांचा टप्पा ओलांडल्याखेरीज हे ध्येय गाठता येणार नाही.

अडचणीचे मूळ

बाराखडी शिकताना ‘क’ हा एक आवाज आणि ‘क’ ही एक आकृती अशी जोडी मुलाच्या मनात पक्की होते. परंतु ‘क’ या अक्षरात ‘क्’ हे व्यंजन आणि ‘अ’ हा स्वर असे दोन ध्वनी असतात. हा ‘अ’ लिहून दाखविला जात नाही. तो अक्षरात दडलेला असतो. जोडाक्षर म्हणजे ज्यात दोन किंवा अधिक व्यंजने मध्ये स्वर न येता एकामागोमाग उच्चारली जातात आणि शेवटी स्वर येतो, असे अक्षर. ‘पाण्यात’ या शब्दात ‘ण्’ व ‘या’ यांच्यामध्ये स्वर नाही. मुलाला मात्र दडलेला ‘अ’ काढून टाकण्याची सवय नसते. म्हणून ते ‘पाणयात’ असे वाचते.

वर्गात रूढ असलेला ‘अर्धा ण’, ‘अर्धा स’ हा शब्दप्रयोग सोयीचा आहे, पण तो अपुरा आहे. अर्धी होते ती आकृती. ध्वनी अर्धा होत नाही. ‘स्नान’ मधील ‘स्’ पूर्णपणे उच्चारला जातो, फक्त त्याच्या पाठीमागचा स्वर गेलेला असतो. ही गोष्ट उच्चाराने पटवून दिली, तर पुढील पुष्कळ घोटाळे टळतात.

पूर्वीपासून अनेक शाळांत जोडाक्षरे वर्णमालेच्या क्रमाने, तक्ते पाठ करून शिकविली जातात. ‘क्क, क्ख, क्ट, क्त’ असे मूल घोकते. तक्ता संपतो आणि पुस्तक उघडताच पुन्हा अडखळते. कारण तक्त्यातील अक्षरांना अर्थ नसतो आणि मुलाच्या बोलण्याशी त्यांचा संबंध नसतो. याउलट, सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या तोंडी शेकडो जोडाक्षरे आधीच असतात. जी तोंडात आहेत ती आधी कागदावर आणावीत आणि जी केवळ पुस्तकात आहेत ती मागून घ्यावीत, हेच या अध्यापनाचे मुख्य सूत्र होय. ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे हा क्रम प्रत्येक पायरीवर पाळावा.

पहिली पायरी : एकापासून अनेक

‘एक टोपी, दोन टोप्या’ हे मराठी मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचे अनेकवचन करताना मराठीत ‘य’ जोडला जातो आणि जोडाक्षर आपोआप तयार होते. घरी कोकणी बोलणारे गोव्यातील मूलही ‘होडी’चे अनेकवचन ‘होड्यो’ असे करते. त्याला ‘होड्या’ या रूपातील ‘ड्य’ परका वाटत नाही. म्हणून जोडाक्षरांचा आरंभ ‘य’च्या या कुटुंबापासून करणे सर्वांत सोपे जाते.

शिक्षकाने म्हणावे, ‘एक चिमणी’. मुलांनी म्हणावे, ‘खूप चिमण्या’. अशाच रीतीने मिरची–मिरच्या, भाजी–भाज्या, पणती–पणत्या, बाहुली–बाहुल्या, टाकी–टाक्या, काठी–काठ्या, गोळी–गोळ्या, नदी–नद्या, वही–वह्या, दरी–दऱ्या. प्रत्येक शब्दाला अक्षरागणिक टाळी वाजवून घ्यावी. ‘चि-म-ण्या’ या शब्दाला तीन टाळ्या होतात. ज्या मुलाच्या चार टाळ्या होतात, त्याने मध्ये ‘अ’ घातला आहे हे शिक्षकाला तत्काळ कळते आणि मुलालाही ते दाखवून देता येते.

या एकाच सरावाचा आणखी एक लाभ आहे. देवनागरीत जोडाक्षरे लिहिण्याच्या बहुतेक सर्व तऱ्हा वरील यादीत येऊन जातात. ‘चिमण्या’, ‘भाज्या’, ‘पणत्या’ यांत पहिल्या अक्षराचा उभा दंड गळतो. ‘टाक्या’मध्ये दंड मध्यभागी असल्याने ‘क’चा उजवा बाक आखूड होऊन पुढील अक्षराला चिकटतो. ‘काठ्या’, ‘गोळ्या’ यांत दंड नसल्याने पहिले अक्षर जवळजवळ तसेच राहून ‘य’ त्याला चिकटतो. ‘नद्या’, ‘वह्या’ यांत दोन अक्षरे मिळून नवी आकृती बनते. ‘दऱ्या’मध्ये ‘र’चे निराळेच रूप दिसते. उच्चाराचा नियम एकच, आकृती मात्र पाच प्रकारच्या, हे मुलाला सुरुवातीलाच कळले म्हणजे पुढे अनोळखी आकृती दिसली तरी ते घाबरत नाही.

अनेकवचनानंतर विभक्तीची रूपे घ्यावीत : पाणी–पाण्यात, आंबा–आंब्याचा, डबा–डब्यात, घोडा–घोड्याला, गोवा–गोव्यात, किल्ला–किल्ल्यावर. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. शेवटी ‘सा’ असलेल्या पुल्लिंगी शब्दांत ‘स’चा ‘श’ होतो व ‘य’ जोडला जात नाही : ससा–सशाला, पैसा–पैशाचा, मासा–माशाचा. ‘माश्याचा’, ‘पैश्याचा’ असे लिहिणारे मूल नियम विसरलेले नसते; शिकलेला नियम ते एक पाऊल पुढे नेत असते. त्याला रागावू नये, अपवाद दाखवावा.

दुसरी पायरी : तेच व्यंजन दोनदा

पक्का, कच्चा, धक्का, गल्ली, रद्दी, हट्ट, अण्णा या शब्दांत एकच व्यंजन दोनदा येते. गोव्यातील मुलांसाठी तालुक्याचे नाव ‘सत्तरी’ आणि गावाचे नाव ‘कुंकळ्ळी’ ही जवळची उदाहरणे आहेत. येथे मुले बहुधा एक व्यंजन गाळतात व ‘उतर’, ‘सतरी’ असे लिहितात. जीभ क्षणभर थांबते, हे त्यांना जाणवून द्यावे. ‘किती’ आणि कौतुकाने म्हटलेले ‘कित्ती!’ यांतील फरक कोणतेही मूल ओळखते. ‘मका’ व ‘मक्का’ ही जोडीही उपयोगी पडते.

याच पायरीवर ‘शुद्ध’ हा शब्द काळजीपूर्वक घ्यावा. ‘शुद्ध, बुद्धी, युद्ध, प्रसिद्ध, पद्धत’ या सर्वांत आधी ‘द्’ व नंतर ‘ध’ आहे. जीभ ‘द’साठी दातांना टेकते आणि सुटताना श्वासाचा झोत बाहेर येतो, म्हणून ‘ध’ शेवटी. मुले ‘शुध्द’ असे लिहितात, पण तो दोष त्यांच्या एकट्यांचा नाही. पाणपोईवर ‘शुध्द पाणी’ आणि जाहिरातीत ‘सुप्रसिध्द’ असे रंगविलेले ते रोज पाहतात.

वरच्या वर्गांत ‘महत्त्व’ या शब्दाची फोड करून दाखवावी. ‘महत्’ला ‘त्व’ जोडला की दोन ‘त’ होतात. ‘तत्त्व’, ‘सत्त्व’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांचेही तसेच. ‘नेतृत्व’, ‘मातृत्व’, ‘प्रभुत्व’ यांच्या मूळ शब्दाच्या शेवटी ‘त्’ नाही. म्हणून तेथे एकच ‘त’ पुरतो. नुसते ‘महत्त्वमध्ये दोन त’ असे पाठ करण्यापेक्षा ही फोड अधिक काळ लक्षात राहते.

तिसरी पायरी : म्ह, न्ह, ल्ह, व्ह

आम्ही, तुम्ही, म्हणून, पुन्हा, उन्हाळा, कोल्हा, जेव्हा, केव्हा हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी तर ‘म्हाका’, ‘न्हंय’, ‘ल्हान’, ‘व्हड’ असे शब्द सतत असतात. म्हापसा, म्हादई, म्हार्दोळ ही नावे त्याने शाळेपूर्वीच ऐकलेली असतात. ज्या घरच्या बोलीमुळे मूल मराठीत मागे पडते अशी समजूत असते, तीच बोली या पायरीवर त्याला पुढे नेते. शिक्षकाने या शब्दांना वर्गात मान द्यावा. ‘म्हाका’मधील ‘म्ह’ तोच ‘म्हणून’मधील ‘म्ह’, असे फळ्यावर शेजारी लिहून दाखविले की मुलाला ते अक्षर आपले वाटते. मात्र ‘ल्हान’ म्हणणाऱ्या मुलाला मराठी लेखनात ‘लहान’ असे लिहावयाचे असते, हेही तेथेच सांगावे.

या मराठी शब्दांत ‘ह’ शेवटी येतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘ब्रह्म’, ‘ब्राह्मण’, ‘आह्लाद’ हे शब्द लिहिताना मात्र ‘ह’ आधी येतो, जरी बोलताना पुष्कळदा उलटा क्रम ऐकू येत असला तरी. हा भाग चौथीपूर्वी घेण्याची आवश्यकता नाही.

चौथी पायरी : द आणि ह यांच्या आकृती

‘द’ व ‘ह’ यांची जोडाक्षरे वाचण्यास सर्वांत कठीण, कारण त्यांतील घटक चटकन वेगळे दिसत नाहीत. द्य, द्ध, द्व, द्म, ह्य, ह्म, ह्र, ह्व या आकृती फोडून दाखवाव्या लागतात. ‘विद्यार्थी’ हा शब्द ‘विध्यार्थी’ असा लिहिला जातो, तो ‘द्य’ या आकृतीत ‘ध’चा भास झाल्यामुळे. ‘विद्या’ व ‘ध्यान’, ‘उद्या’ व ‘अध्याय’ हे शब्द जोडीने लिहून, मोठ्याने म्हणवून, फरक दाखवावा.

जेथे अक्षरे एकाखाली एक रचलेली असतात, तेथे वरचे आधी व खालचे नंतर वाचावयाचे, हा नियम सांगून ठेवावा. २००९ साली महाराष्ट्र शासनाने देवनागरी लिपी व वर्णमालेविषयी निर्णय घेतला. त्यानंतर पाठ्यपुस्तकांतून ‘द’ किंवा ‘ह’ यांचा पाय मोडून पुढील अक्षर शेजारी मांडण्याची रीत दिसू लागली. त्यामुळे ‘विद्यार्थी’ आणि ‘विद्‌यार्थी’ अशी दोन्ही रूपे मुलाच्या वाचनात येतात. पहिल्यांदा शिकविताना दुसरे रूप फार उपयोगी आहे, कारण त्यात घटक स्पष्ट दिसतात. तथापि जुनी पुस्तके, वर्तमानपत्रे व पाट्या यांत पहिले रूप असल्याने दोन्हींची ओळख असणे अगत्याचे आहे. लिहिताना मुलाने कोणतेही एक रूप सातत्याने वापरले तर ते चूक धरू नये.

पाचवी पायरी : र ची चार रूपे

‘र’ हे जोडाक्षरांतील सर्वांत चंचल व्यंजन. त्याची रूपे चार.

(१) ‘र’ आधी उच्चारला जात असेल तर तो रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो : सर्प, खुर्ची, बार्देश, मूर्ती. मुले रफार चुकीच्या अक्षरावर देतात, कारण तो उच्चारात आधी आणि कागदावर नंतर येतो. ‘र नंतर जे अक्षर ऐकू येते, त्याच्या डोक्यावर रफार’ हा एकच नियम पुरेसा आहे.

(२) काही मराठी शब्दांत ‘य’ व ‘ह’ यांच्यापूर्वी ‘र’ अर्धचंद्रासारखा लिहितात : दऱ्या, भाकऱ्या, किनाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर जोर येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. हा जोर ऐकविणे हीच येथील खरी कसोटी आहे. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांतही हाच भेद आहे. एकात गुरू, दुसऱ्यात स्वयंपाकी.

(३) दंड असलेल्या अक्षरानंतर ‘र’ आला तर तो तिरपी रेघ होऊन त्याला खालून लागतो : प्रकाश, ग्राम, चक्र, वज्र. ‘त्र’ व ‘श्र’ यांच्या आकृती थोड्या वेगळ्या असल्याने त्या स्वतंत्रपणे ओळखून द्याव्यात.

(४) ‘ट’, ‘ड’ यांसारख्या दंड नसलेल्या अक्षरांच्या खाली तो उलट्या ‘व्ही’सारखे चिन्ह होतो : ट्रक, ट्रॉलर, ड्रम, राष्ट्र.

चारही रूपे एका दिवशी शिकवू नयेत. रफार पक्का झाल्यावर तिरपी रेघ, मग ‘ट्र’, आणि शेवटी ‘दऱ्या’चा ‘र’ नीट पारखून घ्यावा.

येथेच ‘ऋ’चा भेद सांगणे इष्ट. ‘कृपा’, ‘गृह’, ‘पृथ्वी’ यांतील खालचे चिन्ह हे जोडाक्षराचे नसून स्वराचे आहे. मराठीत ‘ऋ’चा उच्चार ‘रु’सारखा होत असल्याने मुले ‘क्रुपा’, ‘ग्रुह’ असे लिहितात. ‘ग्रह’ आणि ‘गृह’ या जोडीने अर्थासह फरक ठसतो. ‘हृदय’ हा शब्द ‘ह्रदय’ असा लिहिला जातो, त्याचेही कारण हेच.

सहावी पायरी : क्ष, ज्ञ आणि तीन व्यंजने

‘क्ष’ म्हणजे क् व ष. ‘ज्ञ’ म्हणजे ज् व ञ. मराठीत ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा होतो. म्हणून कानाने लिहिणारे मूल ‘विद्न्यान’ असे लिहिते. त्याचा कान बरोबर आहे, हे मान्य करून मग रूढ अक्षर दाखवावे. या दोन अक्षरांची फोड पहिली-दुसरीत करू नये. ती चित्राप्रमाणे संपूर्ण ओळखू द्यावीत.

तीन व्यंजनांची जोडाक्षरे – स्त्री, शास्त्र, राष्ट्र, लक्ष्मी, मत्स्य, सामर्थ्य, स्वातंत्र्य – पायरीपायरीने बांधावीत. ‘मित, मित्र’ आणि ‘वस्त, वस्त्र’ असे वाढवीत नेले म्हणजे ‘स्त्र’ मुलांना एकदम अंगावर येत नाही. ‘कार्त्स्न्य’ या शब्दात पाच व्यंजने एकत्र येतात; पण असा चमत्कार मुलांपुढे ठेवण्याचे प्रयोजन नाही.

याच सुमारास वेलांटीचा प्रश्न घ्यावा. ‘स्थिती’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी ‘स’च्याही आधी दिसते, परंतु ती ‘थ’नंतर उच्चारावयाची असते. मूल ‘सिथती’ वाचते, ते डोळ्याला दिसते त्या क्रमाने वाचते म्हणून. ‘आधी सगळी व्यंजने, मग स्वर’ हे सूत्र त्याला द्यावे.

कान कोठे फसवितो

आतापर्यंत कानावर भर दिला. पण कान सर्वत्र विश्वासार्ह नाही. ‘करतो’, ‘चालता’, ‘बोलणे’ हे शब्द बोलताना ‘कर्तो’, ‘चाल्ता’, ‘बोल्णे’ असे ऐकू येतात. मूल तसे लिहिते आणि आपण कानाप्रमाणेच लिहिले असताना चूक का, हे त्याला उमगत नाही. येथे मूळ धातू शोधण्यास शिकवावे. कर, चाल, बोल, शिक हे धातू पूर्ण आहेत; त्यांना ‘तो’, ‘ता’, ‘णे’, ‘ला’ हे प्रत्यय लागतात. धातू व प्रत्यय यांच्या सांध्यावर असे जोडाक्षर लिहीत नाहीत. म्हणून ‘काम करता करता’मध्ये ‘करता’, पण ‘घरातील कर्ता पुरुष’ यात ‘कर्ता’. ‘सरकार’, ‘दरवाजा’ यांसारखे शब्द पुन्हा पुन्हा पाहून लक्षात ठेवावे लागतात.

दुसरी फसगत अनुस्वाराची. ‘आंबा’, ‘चिंच’, ‘गंगा’ यांत कानाला नासिक्य व्यंजन ऐकू येते, पण मराठी लेखनाच्या रूढ नियमांप्रमाणे तेथे शीर्षबिंदू देतात. ‘अन्न’, ‘अन्याय’, ‘निम्मा’, ‘वाङ्मय’ यांत मात्र बिंदू चालत नाही. व्यंजनच लिहावे लागते. ‘अंन्न’ असे दोन्ही लिहिणे ही नेहमी आढळणारी चूक होय.

जोडाक्षराच्या आधीचे इकार-उकार मराठी शब्दांत सामान्यतः ऱ्हस्व असतात : शिस्त, कुस्ती, खुर्ची, मुक्काम. संस्कृत शब्द मुळाप्रमाणे राहतात. म्हणून सूर्य, पूर्व, तीर्थ, मूर्ती, शून्य, परीक्षा यांत ते दीर्घ आहेत.

दुसऱ्या लिपीतून आलेली मुले

गोव्यातील शाळांत कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुलेही असतात आणि बेळगावकडील मराठी मुले कन्नड लिपीही शिकतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचे पहिले व्यंजन पूर्ण लिहून दुसरे त्याच्या खाली लहान आकारात लावतात. देवनागरीत बहुधा पहिले अर्धे व दुसरे पूर्ण असते. कन्नडमधील रफाराचे चिन्ह अक्षराच्या डोक्यावर नसून त्याच्या उजवीकडे असते. असे मूल कोणते अक्षर तोडावे याविषयी गोंधळते, तेव्हा त्याला जोडाक्षर समजले नाही असे मानू नये. तत्त्व त्याला ठाऊक आहे. फक्त मांडणी बदलली आहे. हिंदी भागातून आलेले मूल ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’ करते आणि ‘दऱ्या’मधील ‘र’ त्याने पूर्वी पाहिलेला नसतो. या दोन बाबी वेगळ्या शिकवाव्यात.

चुका कशा तपासाव्यात

श्रुतलेखनाच्या वहीवर केवळ लाल खुणा करून उपयोग होत नाही. चुकांचे तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो.

पहिला प्रकार, मध्ये स्वर घालणे : ‘परकाश’, ‘सवच्छ’. उपाय टाळीचा व उच्चाराचा.

दुसरा प्रकार, एक व्यंजन गाळणे : ‘उतर’, ‘पुतक’. उपाय शब्द सावकाश म्हणून ध्वनी मोजण्याचा.

तिसरा प्रकार, क्रम बदलणे : ‘शुध्द’, जागा चुकलेला रफार. उपाय ‘आधी काय ऐकू आले’ हे विचारण्याचा.

शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या नावापुढे चुकीचा प्रकार टिपून ठेवला, तर चाळीस मुलांच्या वर्गातही तीन गट करून दहा-दहा मिनिटे काम करता येते.

नमुनापाठ : रफार

प्रथम पुस्तके मिटलेली असावीत. शिक्षकाने ‘खुर्ची’ हा शब्द तीनदा म्हणावा व विचारावे, ‘खु नंतर काय ऐकू आले?’ मुले ‘र्’ म्हणतील. ‘र् नंतर कोणते अक्षर?’ – ‘ची’. मग फळ्यावर ‘खुची’ लिहून, ‘ची’च्या डोक्यावर रफार देण्यास एका मुलाला बोलवावे. याच रीतीने सर्प, बार्देश, मूर्ती, सूर्य हे शब्द घ्यावेत. नंतर रफार नसलेले शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटून मुलांनीच तो योग्य जागी द्यावा. शेवटी दोन वाक्ये वाचून घ्यावीत व एक श्रुतलेखन द्यावे. दुसऱ्या दिवशी नव्या शब्दांपूर्वी याच शब्दांची पाच मिनिटे उजळणी करावी.

सर्व पायऱ्या झाल्यावर पुढील उतारा श्रुतलेखनासाठी घेता येईल. यातील तेरा शब्दांत जोडाक्षरे आहेत :

‘पावसाळ्यात म्हादई दोन्ही काठ भरून वाहते. डोंगराच्या दऱ्यांतून पाण्याचे ओहोळ खाली येतात. नदी शेवटी दर्याला मिळते. आजोबा म्हणाले, पाऊस ओसरून सूर्य दिसला की होड्या सोडू. उद्या मात्र किनाऱ्यावर कोणी जाऊ नये.’

घर, गाव आणि कार्यालय

पालकांना शिकवणी घेता आली नाही तरी त्यांचा हातभार लहान नाही. बसवरील ‘म्हापसा’ ही पाटी, दिनदर्शिकेवरील महिने, शिधापत्रिकेवरील नावे, औषधाच्या वेष्टनावरील सूचना मुलाकडून वाचून घ्याव्यात. आईवडिलांना स्वतःला वाचता येत नसेल तर मुलाने वाचावे व त्यांनी ऐकावे. ऐकणारे माणूस असले की मूल मोठ्याने वाचते आणि मोठ्याने वाचताना चूक त्याची त्यालाच कळते.

ग्रामपंचायती, शाळा व शासकीय कार्यालये यांच्यावरही एक जबाबदारी आहे. पाटी, सूचनाफलक आणि परिपत्रक ही गावातील मुलांची दुसरी पुस्तकेच होत. शाळेत शिक्षकाने ‘विद्यार्थी’ शिकवावा आणि फाटकावरील पाटीवर ‘विध्यार्थी’ असावे, यात मूल पाटीवर विश्वास ठेवते, कारण ती मोठ्या अक्षरात रंगविलेली असते. पाटी रंगविण्यास देण्यापूर्वी तिचा मजकूर गावातील शाळेच्या शिक्षकाकडून तपासून घ्यावा. यास खर्च येत नाही.

तात्पर्य, जोडाक्षर हे व्याकरणातील अवघड प्रकरण म्हणून नव्हे, तर मुलाच्या स्वतःच्या बोलण्यातील नेहमीची गोष्ट म्हणून वर्गात आले पाहिजे. टोपी–टोप्या, पाणी–पाण्यात यांपासून निघून राष्ट्र व स्वातंत्र्य येथवर पोहोचण्यास दुसरी व तिसरी ही दोन वर्षे पुरेशी आहेत. मात्र क्रम सुटता कामा नये, आणि एकेका पायरीवर मूल पक्के झाल्याखेरीज त्याला पुढे ढकलू नये.